मँगनीज, जिवाणी आणि आप्पा

आधीच सांगते — भूत, संकेत वगैरे गप्पा कुणी सुरू केल्या की उठून चहा टाकायला जाणारी मी बाई आहे. बेळगावात केमिस्ट्रीत पीएचडी करते. त्यामुळे ‘ताई, जरा विज्ञान वाचा’ अशी कमेंट टाकायचे कष्ट घेऊ नका... तेच वाचून चष्म्याचा नंबर वाढलाय.

माझं काम मँगनीज ऑक्साइड तयार करायचं. पोटॅशियम परमँगनेटचं गर्द जांभळं द्रावण गरम करत ठेवायचं आणि त्यात मँगनीज सल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. जांभळा रंग जातो, तपकिरी-काळा गाळ तयार होतो. तो धुऊन, वाळवून बॅटरीसाठी तपासायचा. सल्फेट पडत नाही तोवर जांभळं ते जांभळंच राहायला हवं, एवढं ध्यानात ठेवा.

घर निपाणीकडे, कोगनोळीच्या अलीकडे. आम्ही जैन. शेती आणि तंबाखूचा व्यापार, दोन्ही थोरला भाऊ अण्णा बघतो. घरात बोअर आहे, फिल्टर आहे, पण आमचे वडील, आप्पा, विहिरीचंच पाणी पितात, तेही फडक्यातून गाळून. मग ते फडकं गाळलेल्या पाण्यात धुवायचं आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत परत सोडायचं. पाण्यातले जीव जिथले तिथे गेले पाहिजेत. वरून ओतायचं नाही, त्यांना मार लागतो. म्हणून या वयातही आप्पा तांब्या घेऊन पायऱ्या उतरतात. विहिरीत परमँगनेट टाकूया, असं अण्णा एकदा म्हणाला होता. “जीव मारून पाणी पिऊ व्हय रं?” म्हणत आप्पांनी त्याची अशी काही हजेरी घेतली की त्याने तो विषय परत काढला नाही.

त्या दिवशी दुपारी लॅबमध्ये मी आणि मच्छे गावची माझी मैत्रीण सुजाता, दोघीच होतो. थंडीचे दिवस. माझं जांभळं द्रावण हॉटप्लेटवर नुकतं कोमट झालं होतं. सल्फेटची बाटली अजून कपाटात होती... आणि बीकर माझ्या डोळ्यांसमोर तपकिरी झालं.

भांडं नीट धुतलं नसेल, असं म्हणून स्वतःवरच चिडले. ते ओतून नवं बीकर घेतलं, नवं पाणी घेतलं. पुन्हा तेच! मग सुजाताने तिच्या हाताने द्रावण केलं. ते छान जांभळं राहिलं. मी फक्त ढवळायची काचकांडी तिच्याकडून घेतली आणि तेही काळवंडलं.

“तू हात लावू नकोस गं,” ती हसत म्हणाली. मग नाक वर करून थांबली. “शेवाळाचा वास येतोय काय गं? विहिरीत येतोय तसला?”

येत होता. आमच्या विहिरीचा वास मला झोपेतही ओळखू येईल. का ते सांगता येणार नाही, पण मी आप्पांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसरा फोन अण्णाला.

“आप्पा कुठं आहेत?”

“मी तंबाखूच्या गोडाऊनमधी हाय. काय झालं गं?”

“विहिरीवर जा. पळ!”

तो पळत असतानाच मी सुजाताच्या फोनवरून आप्पांचा नंबर पुन्हा फिरवला. “फोन कठड्यावर वाजतोय,” अण्णा धापा टाकत म्हणाला, “आप्पा न्हाईत...” आणि मग नुसता ओरडण्याचा आवाज.

आप्पा पाय घसरून पाण्यात पडले होते. मोटारीच्या पाइपला धरून, गळ्यापर्यंत बुडालेले. पण जिवंत!

संध्याकाळच्या आत मी निपाणीच्या दवाखान्यात पोहोचले. आप्पांना बघून रडूच फुटलं. ते मात्र शांत होते. “पाणी लई गार हुतं. हात सुटाय लागलं,” ते म्हणाले. “मग एकदम कोमट झालं गं. आन् जांभळं. तुझ्या त्या औषधागत. म्हणून धरून ऱ्हायलो.”

गारठल्यावर माणसाला भास होतात, मला माहीत आहे. पण अण्णाने पिशवीतून त्यांचं धोतर काढलं. पांढरंशुभ्र धोतर कमरेपासून खाली तपकिरी झालेलं. आप्पांचे तळहातही. असे डाग मी रोज माझ्या एप्रनवर बघते. तरीही एक कोपरा लॅबमध्ये नेला आणि त्यावर लिंबाचा रस आणि पेरॉक्साइड टाकलं. फेस आला, डाग गेला. मँगनीजचा डाग असाच जातो. विहिरीचं पाणी तपासलं, तर त्यात काहीच निघालं नाही.

सरांना विचारलं. ते म्हणाले, आधी भांडी धुवायला शिका. सुजाता त्यानंतर माझ्या टेबलापाशी येत नाही.

कातडीवरचे असले डाग आठवड्याभरात जातात. आप्पांच्या तळहातांवरचे अजून आहेत. लिंबू, पेरॉक्साइड, सगळं करून झालं. याचं कुणी सोपं उत्तर दिलं तर मला ते मनापासून हवं आहे.

परवा घरी गेले तेव्हा लॅबमधली हकिगत ऐकून आप्पांनी हळूच विचारलं, “त्या भांड्यांतलं काय केलंस गं?”

“ओतून दिलं आप्पा. वेस्टच्या कॅनमध्ये. ते गाडीवाले घेऊनपण गेले.”

आप्पांनी आपले डागाळलेले तळहात माझ्यापुढे धरले.

“जिथलं तिथं सोडायचं असतंय,” ते म्हणाले. “माझं काय तरी गेलं बघ त्यात.”