उभ्या नळ्या, आडव्या नळ्या

यशवंतची माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली, एका रविवारी दुपारी. मी फुशारकी मारायलाच गेलो होतो. म्हटलं, "काल हुणसूरपलीकडच्या त्या शाळेत तुझ्या नळ्या बसवून आलो. उद्यापासून पोरं गाळलेलं पाणी पितील." त्यानं विचारलं, "फळीवरच्या उभ्या घेतल्यास, की आडव्या?" मी म्हटलं, "उभ्या. नीट मांडलेल्या." "बरं," तो म्हणाला, "आता घरी जा. जाताना नर्सला पाठव..." सोमवारी पहाटे तो गेला.

दीड महिना झाला, तरी त्या 'बरं'चा राग माझ्या डोक्यातून जात नाही. म्हैसूरच्या एकाच कॉलेजात आम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. मी चुकलो तर हा तोंडावर कधी बोलणार नाही, गुपचूप निस्तरून मोकळा होणार. निवृत्तीनंतर बोगादीला घरामागच्या शेडमध्ये त्यानं भट्टी घातली. अॅल्युमिनाचे नॅनोकण पाण्यात घोळवून ताकासारखं द्रावण करायचं, त्यात सिरॅमिकची सच्छिद्र नळी बुडवायची, वाळवायची, भाजायची. कण एकमेकांना धरतात आणि नळीवर अशी पातळ साय तयार होते, की तिच्यातून पाणी जातं, जंतू अडकतात. वाळवताना जरा घाई झाली की तडा जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा प्रत्येक नळी पाण्यात बुडवून आतून हवा सोडायचा. ठरलेल्या दाबाच्या आत बुडबुडा आला की नळी नापास.

अशानं शाळेला फिल्टर मिळायचा कधी? मुख्याध्यापिका मंगळा मिस वर्षभर विचारत होत्या. शाळेत चुलीवर हंडा चढवून पाणी उकळत, सरपण पुरत नसे. मी भांडायचो, "जंतू थोडे कमी झाले तरी चालतील की. आहे त्यापेक्षा बरंच ना?" त्यावर त्याचं अर्धं कन्नड ठरलेलं, "स्वल्प थांब, मारया, जरा दम धर बाबा. फिल्टर बसला की त्या उकळायचं सोडतील. मग तडा गेलेली नळी काय कामाची?" युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून जास्तच चीड यायची. बरं, एवढा काटेकोर माणूस नळीवर साधी चिठ्ठी लावेल? मी लावलेल्या चिठ्ठ्या त्यानं सोलून काढल्या. म्हणे, गोंद लागतो.

तो दवाखान्यात पडल्यावर मिसचा पुन्हा फोन आला आणि माझा धीर सुटला. सुमावहिनींकडून शेडची किल्ली घेतली. फळीवर काही नळ्या आडव्या पडलेल्या, चार भिंतीला टेकून ओळीत उभ्या. माझ्या मते मांडून ठेवतात त्या चांगल्या. त्या चार उचलल्या.

सोमवारी स्मशानातून परतलो, तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या. अशा वेळी नळ्यांबद्दल विचारू नये, एवढं मलाही कळतं. पण विचारलं. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "उभ्या म्हणजे नापास की हो, भावजी. वर्गात पोरांना उभं करत होते न्हवं का, तसंच." चाळीस वर्षं मीही पोरांना उभं केलं होतं. मला हे सुचू नये? शाळा तर सकाळीच भरली होती. मिसना फोन करत राहिलो, तो लागेना. दिवसभर नव्वद पोरं त्या नळाचं पाणी पीत असणार.

मंगळवारी पहिली बस धरली. रस्ताभर यशवंतला शिव्या घातल्या, आणि मधूनच स्वतःला. शाळेत पोचलो तेव्हा जेवणाची पंगत बसत होती. नळाला सुतळी गुंडाळलेली होती, चुलीवर हंडा होता. मी काही बोलायच्या आत मंगळा मिस पुढे आल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळीच सरांचा फोन आला, नर्सच्या मोबाइलवरून. आवाज फुटत नव्हता त्यांचा. नळ बंद करा, पाणी उकळतच राहा, म्हणाले. एकाही पोरानं ते पाणी प्यायलेलं नाही."

मला सांगायला काय झालं होतं त्याला? दुपारी समोर बसलो होतो, हातात हात होता.

"तुम्ही येणार, हेही सांगितलं होतं," मिस म्हणाल्या. "म्हणाले, धावत येईल, उपाशीच येईल. रागावू नका, आधी जेवायला घाला."

मी पोरांच्या पंगतीत बसलो आणि चिडून चिडून, रडत जेवलो. ताटाशेजारचं पाणी अजून कोमट होतं.