दगड बघायला निघालेले चौघे

वकिलांच्या मोटारीतून आम्ही महाडचे चौघे दगड बघत हिंडायचो. हो, दगडच! घरोघरी टिंगल व्हायची. पण बघायला गेलो दगड आणि गोळा झाले किस्से, ते काही पाठ सोडत नाहीत. चौघे म्हणजे वकील, डॉक्टर, शाळेत सायन्स शिकवणारे मास्तर आणि मी कापडवाला.

*

वकिलांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात ग्रॅनाइटची चित्रं पाहिली. झालं! तेव्हापासून दिसेल तो धोंडा ग्रॅनाइट. "अहो, हा आपला काळा कातळ. ग्रॅनाइट इथे नाही," मास्तर सांगून थकले. वकील कसले ऐकतात! वरंधला त्यांनी एका शेतकऱ्यालाच गाठलं. "काय हो, इथे ग्रॅनाइट कुठे भेटेल?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "हितं त्या नावाचा कोन नाय. मुंबयला गेला आसंल."

*

पोलादपूरच्या वाटेवरचा एक कातळ डॉक्टरांना हत्ती वाटे, वकिलांना नंदी. दोघांची अशी जुंपली की शेवटी गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाबाला पंच केलं.

त्याने भारा उतरवला, नीट निरखून पाहिलं. "दगूड हाय," म्हणाला आणि भारा उचलून चालू लागला.

*

घाटात मोटार दमली की चाकामागे दगड लावायचं काम मास्तरांचं. एकदा मोटार मागे सरकायला लागली. वकील ओरडले, "मास्तर, दगड!"

"हो, पाहतोय," मास्तर हातातला दगड उन्हात फिरवत म्हणाले, "आत काय सुंदर स्फटिक आहेत!"

मी उडी टाकून दुसरा धोंडा सारला, म्हणून हे सांगायला उरलो!

*

पुढे मास्तरांची बायको तापाने गेली. मास्तर घराबाहेर पडेनात. कुणी वहिनींचा विषय काढला की उठून आत जायचे. फार वाईट वाटायचं हो. वर्षभराने कसंबसं त्यांना मोटारीत बसवलं. आता चुकूनही तो विषय काढायचा नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं होतं.

घाटाखाली एका वाडीजवळ दोन कातळ शेजारी-शेजारी उभे आहेत, नवरा-नवरी. तिथे हळदीकुंकू वाहत एक म्हातारी बसली होती. आम्हाला बघून उठली आणि नेमकी मास्तरांच्या वाटेत उभी राहिली.

"लगीन झालेल्यानं हितं नाव घ्यावं लागतंय. त्याबिगर फुडं जायाचा नाय!"

हा माणूस आता पुन्हा दार लावून बसणार! डॉक्टर पुढे झाले, "आजी, त्यांना नको, मी घेतो..."

मास्तरांनी त्यांना हाताने थांबवलं. ते नवरीच्या कातळाकडे वळले. मग म्हणाले,

"कातळाच्या पोटात गोड गोड पाणी,
यमुना माझ्या घरची राणी."

म्हातारी खूश! मास्तरांच्या कपाळाला कुंकू लावून म्हणाली, "जोडा असाच ऱ्हाव दे रे बाबा! घरी गेलास की तिला सांग, आजीनं आशीर्वाद दिलाय."

"सांगतो," मास्तर म्हणाले.