खुसपटआत्याच्या पुस्तकाला हरकत

माझी आत्या जन्मली तेव्हा रडली नाही, सुइणीकडे संशयाने बघत राहिली, असं माझे बाबा सांगतात. बाबा तेव्हा स्वतःच पाळण्यात होते, त्यामुळे या साक्षीला फारसा अर्थ नाही. पण आमच्या बेटावर ही गोष्ट सगळ्यांना पटते.

आम्ही एल्फ. कान लांब, आयुष्य त्याहून लांब आणि जीभ सगळ्यांत लांब. आमच्या पूर्वजांनी ज्या ज्या मुलखात मुक्काम केला, तिथल्या लोकांना वाद घालून इतकं भंडावून सोडलं, की शेवटी त्यांना पुस्तकांसकट जहाजात बसवून निरोप देण्यात आला. बेट सापडलं तेव्हा त्यांनी घरांच्या आधी ग्रंथालय बांधलं आणि पहिला हिवाळा तिथेच, पुस्तकं कोरड्या बाजूला ठेवून आणि स्वतः ओल्या बाजूला झोपून काढला. आजही आमच्याकडचा चांभार चपलेला टाका घालता घालता त्रिकोणांवर बोलतो, आणि गिऱ्हाईक चप्पल विसरून वाद घालत बसतं.

पण बेटाचा खरा इतिहास सुरू होतो तो बुडालेल्या गल्लीपासून. फार पूर्वी आमच्याकडे एक थोर समुद्रपंडित होते. त्यांनी भरती-ओहोटीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ठासून सांगितलं, की पश्चिमेच्या काठाला पाणी कधी शिवणार नाही. एवढा मोठा विद्वान, त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, काठावर अख्खी गल्ली वसली, आणि एका सकाळी समुद्र ती घेऊन गेला. वाचली ती फक्त गल्लीतली मुलं. कुणाच्या तरी अंगणात एक होडी होती, तिच्यात बसून ती आली.

त्या दिवसापासून बेटाचा नियम झाला. कुठलंही पुस्तक महिनाभर ग्रंथालयाच्या मेजावर ठेवायचं, सगळ्यांनी वाचायचं. मग सभा भरते आणि ग्रंथपालबाई तीनदा विचारतात, "हरकत?" कुणीतरी उठून हरकत घ्यायची, लेखकाने उत्तर द्यायचं, आणि मगच पुस्तक फळीवर चढतं, हरकतीसकट शिवून. तीनदा विचारूनही कुणी उठलं नाही, तर पुस्तक लेखकाच्या हातात परत, कायमचं. ज्याच्याशी कुणी भांडलं नाही ते पुस्तक धोक्याचं, असं आम्ही लहानपणापासून शिकतो. बंदरातले परके खलाशी उठसूट "काही हरकत नाही" म्हणतात, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या दचकतात.

अशा गावात आत्यासारखीचं सोनं झालं नसतं तरच नवल. शाळेत तिने पहिल्याच दिवशी मुळाक्षरांच्या क्रमाला हरकत घेतली. मोठी झाल्यावर तोच तिचा धंदा झाला. घाबरट लेखक आपलं पुस्तक मेजावर ठेवण्याआधी तिच्याकडे आणायचे, कारण तिच्या तावडीतून सुटलेल्या पुस्तकाला सभेत कुणी हरवू शकत नसे. ती स्वयंपाकघरात एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने पानं उलटायची आणि मध्येच म्हणायची, "हे कशावरून?" त्या तीन शब्दांनी भल्याभल्यांचे कान लाल झाले आहेत. तारे मोजणारे ताराबुवा त्यांचं एकच पुस्तक घेऊन सात वेळा आले आणि सातही वेळा ते बगलेत मारून घरी गेले. गाव तिला खुसपटआत्या म्हणायचं. समोर नाही, अर्थात.

तिला मागणी घालायला आलेल्यांनाही तिने हेच विचारलं. "तुमचं माझ्यावर प्रेम आहे, हे कशावरून?" एकेक जण मुद्दे मांडायचा आणि हरून जायचा. माझ्या आतोबांना विचारलं तेव्हा ते नुसतं म्हणाले, "माहीत नाही बुवा. आहे खरं." यावर आत्याला काही सुचलं नाही, म्हणून लग्न झालं.

आतोबा नकलनवीस. दुसऱ्यांची पुस्तकं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची, डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवायचं, हे त्यांच्या पेशाचं ब्रीद. त्यांनी ते संसारातही पाळलं. दीडशे वर्षांत त्यांनी आत्याला "नाही" म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आत्या सभेत भांडत असायची तेव्हा हे ग्रंथालयाच्या दाराबाहेरच्या ठेंगण्या बाकावर तिची वाट बघत बसायचे. ते बाक म्हणजे त्या वाचलेल्या होडीचा मधला तुकडा, जसाच्या तसा उचलून भिंतीला लावलेला. बसायच्या दोन फळ्या इतक्या बुटक्या आणि इतक्या जवळ, की गुडघे हनुवटीला टेकतात. सगळं गाव त्या बाकाला शिव्या घालतं. आतोबा मात्र मुकाट बसायचे.

आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची सालं काढत असताना आत्या स्वतःचं एक पुस्तक लिहीत होती, बुडालेल्या गल्लीचा इतिहास. समुद्रपंडितांबद्दल गावात ढीगभर पुस्तकं होती. गल्लीत राहणाऱ्यांबद्दल एकही नव्हतं. कोण कुठे राहत होतं, कुणाच्या अंगणात कसलं झाड होतं, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, हे तिने वाचलेल्या मुलांच्या नातवंडा-पणतवंडांकडून थेंबाथेंबाने गोळा केलं. "ती गल्ली एकदा बुडाली, पोरी," ती मला म्हणायची. "फळीवर चढली नाही तर दुसऱ्यांदा बुडेल." एवढं सांगून झालं, की ती लगेच माझ्या केसांवरून मला ओरडायची.

पुस्तक आतोबांनी उतरवून काढलं. मी पुस्तकं शिवण्याचं काम करते, म्हणून पानं माझ्या टेबलावर यायची होती. ती न्यायला मी गेले तेव्हा आतोबा लेखणी हवेत धरून म्हणत होते, "अगं, या होडीबद्दल जरा..."

"अहो, उतरवा मुकाट्याने," आत्या म्हणाली. "शाई वाळतेय."

त्यांनी उतरवलं. पुस्तक मेजावर गेलं आणि आत्या कंबर कसून हरकतींची वाट बघू लागली.

आठवडाभरातच ती बाजारातून धुसफुसत आली आणि पिशवी माझ्या खळीच्या भांड्याशेजारी आपटली. "मेले कौतुक करतायत!"

"कोण गं?"

"सगळे! तो ताराबुवा मला वाकून म्हणतो, एका अक्षरालाही धक्का लावायची आमची प्राज्ञा नाही. दात काढत म्हणाला!"

माझ्या हातातली सुई थांबली. ज्या ज्या लेखकांना आत्याने घाम फोडला होता, त्या सगळ्यांनी सूड उगवायचा ठरवला होता आणि तोही किती सोपा! कुणी काही बोलायचंच नाही. सभेत तोंडं शिवून बसायचं, की तीनदा विचारून झाल्यावर पुस्तक आपोआप घरी. उरलेले, ज्यांच्या मनात काही नव्हतं, ते तिच्या जिभेला घाबरत होते. करावं तसं भरावं, असं कुणी म्हणेल. मला मात्र त्या मेल्यांचे कान पिरगाळावेसे वाटत होते.

"मी घेते हरकत," मी म्हणाले.

"काय आहे तुझी हरकत?"

मी पुस्तक दोनदा वाचलं होतं. मला काहीच सापडलं नव्हतं. "घेते काहीतरी."

"खोटी हरकत घेतलीस तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली. इतकी दमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिच्या मागोमाग आलेले आतोबा दारात उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी तिच्या हातातली छत्री काढून घेतली.

सभेच्या दिवशी ग्रंथालयाचं दालन खच्चून भरलं. ताराबुवा पहिल्या रांगेत, हात पोटावर बांधून, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे प्रसन्न. आत्या एकटी समोर उभी होती. आपल्या नव्या लुगड्याचा पदर ती पुन्हा पुन्हा सारखा करत होती. आतोबा नेहमीप्रमाणे बाहेर बाकावर.

ग्रंथपालबाईंनी विचारलं, "हरकत?"

कुणी खोकलंसुद्धा नाही.

"हरकत?"

आत्याने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. तिला भीक नको होती, भांडण हवं होतं. मी खाली मान घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

ग्रंथपालबाईंनी तिसऱ्यांदा विचारण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं दार करकरलं.

"माझी आहे," आतोबा म्हणाले.

सभा हसली. ताराबुवा तर मोठ्याने हसले. आत्या दचकून म्हणाली, "अहो, तुम्ही कुठे मध्ये? बाहेर बसा!"

"नियम आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "हरकत कुणीही घेऊ शकतं. नवऱ्यानेसुद्धा. आजवर कुणाची छाती झाली नाही, ती गोष्ट वेगळी."

आतोबा पुढे आले. सभेच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बायकोला नमस्कार केला. "लेखिकाबाई, तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलंय, त्या गल्लीत कुणालाच शंका आली नाही. मला वाटतं, एकाला आली होती."

"हे कशावरून?" आत्याच्या तोंडून सवयीने निघालं.

"शेवटच्या घरात एक गृहस्थ होते. त्यांनी अंगणात होडी बांधली. तुम्ही लिहिलंय, त्यांना छंद होता आणि मुलं नशिबाने वाचली."

"वाचलेल्यांची सगळी नातवंडं तेच सांगतात. होडीचा छंद असतो लोकांना."

"छंदाची होडी आपल्या मापाची करतात. मी दीडशे वर्षं बाहेरच्या त्या बाकावर बसतोय, लेखिकाबाई. त्यावर मोठ्या माणसाला धड बसताच येत नाही. त्या फळ्या पहिल्यापासून मुलांसाठी घातल्यात. एका घरातल्या मुलांसाठी नव्हे, सगळ्या गल्लीतल्या."

दाराजवळच्या दोघांनी वळून बाकाकडे पाहिलं. मग बऱ्याच जणांनी पाहिलं.

पण आत्या ती आत्याच. "शंका होती तर बोलले का नाहीत? समुद्रपंडितांना विचारलं का नाही?"

"तुम्हीच लिहिलंय, त्यांची बायको पंडितांची शिष्या होती आणि घरात तिचाच शब्द चालायचा. घरातली शांतता मोडायची नव्हती त्यांना. म्हणून गप्प राहिले आणि सुतारकाम केलं."

"त्यांच्या मनातलं तुम्हाला काय ठाऊक? पुरावा काय?"

आतोबांच्या कानांची टोकं लालभडक झाली होती. "पुरावा मी," ते म्हणाले. "मी तसाच आहे. मलाही पुष्कळदा वाटतं, सांगावं. आणि मग मी शाई घोटत बसतो. ते बोलले असते तर गल्ली वाचली असती. आज मी गप्प बसलो असतो, तर ती पुन्हा बुडाली असती. म्हणून आलो."

कुणी हसलं नाही. आत्या पुस्तकाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, ती उलटसुलट प्रश्न करून बघत होती हे मला दिसत होतं. एकेक प्रश्न तिने मनातल्या मनात उचलला आणि खाली ठेवला.

"हरकतदार महाशय," ती शेवटी म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. मी चुकले."

बेटावर हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आणि मग काय विचारता! बांध फुटला. आत्या हरू शकते, हे एकदा दिसल्यावर कुणाला धीर धरवेना. चांभार उठला, शिक्षिका उठल्या, होडी कुठल्या लाकडाची यावर दोन सुतारांची आपसातच जुंपली. ताराबुवा बराच वेळ चुळबुळत होते. अखेर त्यांच्यातला एल्फ त्यांच्यातल्या सुडाला भारी पडला. "त्या सकाळी चंद्र कुठे होता ते साफ चुकीचं लिहिलंय!" ते ओरडत उभे राहिले.

"हे कशावरून?" आत्या गरजली. तिचा पदर कधीच सुटला होता आणि चेहरा नुसता उजळला होता. दिवे लागेपर्यंत ती लढत होती, काही मुद्दे जिंकत, दोन हरत. ताराबुवांचा चंद्र तिने मान्य केला, तेव्हा तो गृहस्थ चक्क रडला आणि आपलं पुस्तक आठव्यांदा घेऊन येऊ का, म्हणून विचारू लागला.

गल्ली फळीवर चढली. बेटावर कुठल्याच पुस्तकाला इतक्या हरकती शिवल्या नव्हत्या, माझी सुई दोनदा मोडली. हरकतदाराचं नाव बारीक अक्षरात घालायची आमची पद्धत, पण आत्या माझ्या डोक्यावर उभी राहिली. "माझ्या नावाएवढंच हवं. आणि शेजारी, खाली नाही." पहिलं वाक्यही तिने बदललं. आता ते असं आहे: त्या गल्लीत एकाला शंका आली होती; त्याने होडी बांधली.

शिवलेली प्रत दाखवायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा दोघं जेवायला बसत होते. आत्याने वाढलं, पण स्वतः घास घेतला नाही. हात गालाला लावून ती आतोबांकडे बघत राहिली.

"बोला," ती म्हणाली. "दीडशे वर्षांचं साठलंय ना? बोला आता."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"भाजीत मीठ जास्त असतं," ते म्हणाले.

"हे कशावरून?" आत्या म्हणाली, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.