जोरकस नाडीचं कौतुक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा हाच माझ्या संशोधनाचा विषय. मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांच्या गावी, दिंद्रुडला पोहोचले तर अंगणात माणसं सांगत होती, "नाडी लई जोरात हुती गड्याची, पार शेवटपर्यंत." कौतुकानं. महिना उलटला, तरी ते कौतुक मला सहन होत नाही.

मामा शेळ्या पाळत. बाजारात सौद्याआधी ते गिऱ्हाइकापुढे स्वतःचं मनगट धरत. "शेळी मागून बघ बे, आदी मालक बघ. हाय का असली नाडी तुज्या जावयाची?" लोक बोटं टेकवून मान डोलावत. हृदयापासून निघणारी मोठी धमनी लवचिक असेल, तर प्रत्येक ठोक्याचा धक्का ती फुगून स्वतःत जिरवते. ती ताठर झाली की रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, नाडी बोटाखाली उसळते आणि मेंदूतल्या नाजूक वाहिन्या तो मार खातात. बाजार ज्याला ताकद म्हणत होता, तो आजार होता.

दिवाळीत मी मामांचा रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता, खालचा जेमतेम पासष्ट. बीडला नेऊन गोळ्या सुरू करवल्या. संक्रांतीला मी आले तर गोळ्या बंद. गावातल्या डॉक्टरांनी हिशेब सांगितला होता : वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा चालतो.

"मामा, हा हिशेब चूक आहे."

"खालचा तर पोरावानी हाय माजा. तू कावून भेतीस?"

"खालचा उतरलाय म्हणूनच."

"तुजी मशीन पुन्याची हाय, बाई. तिला दिंद्रुडचं पानी मानवलं न्हाई."

मामी पदराआड हसली. मी हसले नाही...

दहाव्याला तेच डॉक्टर म्हणाले, "वय झालं होतं." वय हे कारण नव्हे, उपचार न करण्याची सबब आहे. मामीलाही त्यांनी तोच हिशेब शिकवला होता. मी तिचा दाब मोजला, तोही चढलेला. तिलाही बीडला नेलं, गोळ्या आणल्या.

परवा सकाळी गोळी हातावर ठेवली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शेळ्या सोडून येते, मग घेते."

कोनाड्यात मामांचा तांब्या होता. त्यांच्याशिवाय कुणी त्याला तोंड लावत नसे. तो भरून मी तिच्यापुढे धरला.

"आधी गोळी, मामी."

गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. मी दारातून हलले नाही. तांब्याकडे बघत तिनं गोळी तोंडात टाकली आणि तो हातात घेतला.