मुळशीत समुद्र

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर काकाने तुम्हाला सांगितलं, की त्याचं यंत्र ‘काळाच्या पुढे’ होतं. तुम्ही माना डोलावल्या. ती गोष्ट तशीच पक्की व्हायच्या आत मी, तुमची आजी, माझी लिहून ठेवते.

काकाला समुद्राचं पाणी गोड करायचं होतं. तेही मुळशीतल्या आपल्या कासार आंबोलीत, जिथून समुद्र बघायला घाट उतरावा लागतो. अळंबी देठातून पाणी वर खेचते, असं त्याने कुठेतरी वाचलं. मग बाजारातल्या अळंब्या माझ्या ओव्हनमध्ये कोळसा होईपर्यंत भाजल्या आणि गच्चीवर काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. काळी टोपी उन्हाने तापते, पाण्याची वाफ होते, उतरत्या काचेवर थेंब जमून बाटलीत गळतात, मीठ मागे राहतं. मे महिन्यात खरोखर कपभर पाणी आलं. हे मान्य.

समुद्र नसल्यामुळे तो विहिरीच्या गोड पाण्यात मिठाच्या पुड्या ओतायचा. दूध घालायला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं.

“आजी, ह्यो मीठ घालतुया नि परत काढतुया, व्हय? मग घालतुया कशाला?”

“मावशी, प्रयोग आहे,” काका म्हणाला.

“आसंल बाबा. पन अळंबी लई काळी हाय. खाऊ नगा.”

पैसे गुंतवणारे दोघे पुण्याहून येणार होते. त्यांनी होकार दिला की हिंजवडीतली नोकरी सोडायची, असं काकाचं ठरलं होतं. पाहुण्यांना जोडीला मुळशीची हिरवळही पाहायची होती, म्हणून तारीख निघाली जुलैतली. उन्हावर चालणारं यंत्र, जुलैत, मुळशीत! मी तसं म्हटलं, तर म्हणे, “आई, निगेटिव्ह बोलू नकोस.”

त्या दिवशी धुक्यात गच्चीचा कठडा दिसेना. छत्रीखालून एका पाहुण्याने विचारलं, “ऊन साधारण कधी येतं इथे?”

“दिवाळीच्या सुमारास,” मी म्हटलं.

काकाने हॅलोजनचा दिवा आणून अळंब्यांवर रोखला. तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर शिट्या मारून गप्प झाला, कारण बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी आटलं होतं. ते भरायचं काम काकाचंच. पाहुण्यांनी भजी खाल्ली, “कॉन्सेप्ट छान आहे” म्हणाले आणि गेले. पुन्हा फोन आला नाही. काका त्या दिवशी जेवला नाही.

नोकरी चालू आहे. रोज हिंजवडीला जाताना चांदे गावाच्या रस्त्यावर गाडीत अडकून बसतो. पेटी अजून गच्चीवर आहे. उन्हाळ्यात कपभर पाणी देते. ते मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालते.