खांब काढले तर बोर्डावर काय लिहायचं

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या चुलतभावाने दुकानाच्या गादीवर दोन लाख चाळीस हजारांचं कोटेशन पसरलं. हजर चौघे होतो: तो, ठेकेदार, माझी बायको आणि मी.

नगरच्या जुन्या बाजारपेठेत आमची दुमजली इमारत आहे. वाटणीत खालचं साड्यांचं दुकान त्याच्याकडे गेलं, वरच्या खोल्या माझ्याकडे आल्या. दर्शनी बाजूला सागवानी खांब, त्यांच्यामध्ये कोरलेल्या महिरपी, आणि त्या सगळ्यावर माझा सज्जा. शेजारची दुकानं एकेक करून काचेची झाली. आमच्या ओळीत लाकडी दर्शनी भाग उरला तो आमचाच. भावाला तो काढून काच आणि शटर बसवायचं होतं. एकदा उतरवलेल्या महिरपी परत बसत नाहीत, हे मी शेजारी पाहिलं होतं.

"दादा, खांब आडवे येतात. गिऱ्हाइकाला रस्त्यावरून आतला माल दिसत नाही," भाऊ म्हणाला.

"गर्डर टाकतो ना शेठ," ठेकेदार मला म्हणाला. "वर हत्ती नाचवा."

"हत्ती कशाला, मीच राहतो वर."

मी कोटेशन वाचलं. काम चालू असताना सज्ज्याला द्यायचे टेकू त्यात नव्हते, वरची भिंत पुन्हा बांधणंही नव्हतं. ते धरून साडेतीन लाखांच्या आत काम उरकत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि माझी संमती मिळणार नाही हेही सांगितलं.

"संमती, संमती! धंदा मला करायचाय," भावाचा आवाज चढला.

तेवढ्यात बायकोने ठेकेदाराला विचारलं, "यात बोर्ड धरलाय का?"

"धरलाय की वहिनी. एलईडीची अक्षरं." त्याने मोबाईलवर नमुना दाखवला: 'खांबवाले साडी सेंटर'.

हे नाव आम्ही कधी ठेवलंच नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला पाथर्डीकडून जीप भरून येणारी माणसं एकमेकांना सांगायची, "त्या खांबवाल्याकडं चला, लई माल हाय त्याच्याकडं." तेच चिकटलं. मूळ नाव फक्त पावतीवर राहिलं.

"भावजी," बायको म्हणाली, "खांब काढल्यावर ती माणसं दुकान शोधणार कशी? की बोर्डावर कंसात 'पूर्वीचे' लिहिणार?"

ठेकेदार हसला. भाऊ हसला नाही. उठून रस्त्यावर गेला, पलीकडच्या दुकानाच्या पायरीवरून आपल्याच दुकानाकडे बघत उभा राहिला. परत आल्यावर त्याने कोटेशनची घडी घातली.

"शटर खांबांच्या आतून घेता येईल?" त्याने ठेकेदाराला विचारलं. मग माझ्याकडे वळून, "पण माझी दीड फूट जागा जाते दादा. ती कोण देणार?"

प्रश्न रास्त होता. जिन्याखालची जागा माझ्या वाटणीची आहे, रिकामीच पडून असते. ती त्याला माल ठेवायला दिली. आतला माल दिसावा म्हणून महिरपींच्या मागे दिवे लावायचं ठरलं. खांबांवर ऑइलपेंटचे इतके थर होते, की कोरीव वेल बुजून गेली होती. तीही मोकळी करायची ठरली.

शटर, दिवे आणि बोर्डाचे एक लाख दहा हजार भावाने ठेकेदाराला दिले. रंग खरवडून लाकडाला तेल देणाऱ्या सुताराचे एकतीस हजार मी दिले. त्या खांबांवर राहतो मी.