मंजुषा आणि प्रश्नपत्रिकांचा पेन ड्राइव्ह

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत मंजुषाचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. लग्नपत्रिका, भाडेकरार, कुणाचे अर्ज असं मराठी टायपिंग ती घरबसल्या करते. पण तिचं खरं काम वेगळं. गेली अकरा वर्षं जवळच्या एका खासगी शाळेच्या पाचवी ते नववीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका तिच्याच हातून टाइप होतात.

हे काम भराभर बोटं चालवणाऱ्याला मिळत नाही, तोंड मिटून बसणाऱ्याला मिळतं. मंजुषा मूळची चितेगावची, शेतकऱ्याघरची. बोलायला तशी मोकळी, पण पेपरांचा विषय निघाला की दगड. नवरा सुदर्शन शेंद्र्याला कारखान्यात आहे. पेपरांच्या दिवसांत त्यालाही पुढच्या खोलीत बसायची मुभा नसायची. बिचारा ड्यूटीवरून आला की मागच्या खोलीत चहा प्यायचा.

मुलगी तनुजा त्याच शाळेत जायला लागली, तेव्हा मंजुषा आपणहून काम सोडायला गेली होती. मुख्याध्यापिका भानुमती मॅडम चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "मुलगी तुझ्या घरात आहे हे मला ठाऊक आहे. तरी देते. ईमेल नाही, व्हॉट्सअॅप नाही. पेन ड्राइव्हवर घालून स्वतः आणून द्यायचं. आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

मंजुषानं मान डोलावली होती, आणि तो शब्द तिनं आजवर पाळला होता.

यंदा तनुजा नववीत. वार्षिक परीक्षेला बारा दिवस उरले होते. सोमवारी सकाळी सुदर्शन कामावर गेला, तनुजा शाळेत गेली आणि मंजुषानं तपासून परत आलेल्या पेपरांचा पेन ड्राइव्ह लावला. पाहते तर आतल्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. दाबलं तर फोल्डर उघडलं, म्हणून तिनं तिकडं दुर्लक्ष केलं. दुपारी स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिराती उगवायला लागल्या. एक बंद करावी तर दोन हजर. मग एक लाल खिडकी उघडली, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. तिचा हात मोबाइलकडं गेलासुद्धा. पण फोन करून सांगणार काय, आणि कुणाला? तिनं हात मागं घेतला.

मंगळवारी तिनं अँटिव्हायरस उघडला. खिडकी उघडली आणि डोळ्यादेखत आपली आपण मिटली. पुन्हा उघडला, पुन्हा मिटली. मोबाइलवर शोधून शोधून तिनं अनोळखी दिसणारा एकेक प्रोग्रॅम काढून टाकला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सगळं स्वच्छ. पेपर शाबूत आहेत ना, हे बघायला तिनं पेन ड्राइव्ह लावला. तासाभरात जाहिराती परत. असं तीनदा झालं. चूल विझवली म्हणून पाठ फिरवावी आणि मागं पुन्हा धूर निघावा, तशी गत.

बुधवारी तनुजा शाळेतून आली तर आई स्क्रीनसमोर घामेघूम.

"आई, काय झालं? सरक, मी बघते. आम्हाला शाळेत शिकवलंय."

"हात लावू नको!"

मंजुषा एवढ्या जोरात ओरडली की शेजारची बाई दारात डोकावून गेली. तनुजाचा हात माउसपासून वीतभर अंतरावर थांबला होता. ती दप्तर उचलून मागच्या खोलीत गेली आणि जेवायलाही आली नाही. पोरीला काय सांगावं? की पेपर बाहेर गेला तर पहिलं बोट तुझ्याकडंच वळेल, म्हणून तुझी सावलीही इथं नको?

सुदर्शन घरी आला आणि उंबऱ्यातूनच त्यानं बायकोचा चेहरा वाचला, सगळं विचारून घेतलं.

"अगं, दुकानात दे की. लई तर लई फॉरमॅट मारतील."

"दुकानवाला म्हणणार, ठेवून जा, संध्याकाळी या. दिवसभर तिथं कोण बघतंय, कोण कॉपी करतंय, मला काय कळणार?"

"मग मॅडमला सांग."

"काय सांगू? तुमचे पेपर माझ्या घरात सुरक्षित न्हाईत म्हणून?"

सुदर्शन बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "तुझे ते टायपिंगवाले सर हायेत ना अजून?"

संघपाल सरांकडं मंजुषा लग्नानंतर टायपिंग शिकली होती. तेव्हा त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी टाइपरायटरच्या दोन रांगा खडखडत असायच्या. पुढं कॉम्प्युटर आले, तेव्हा पन्नाशीला टेकलेले सर यंत्रं उघडून उघडून दुरुस्ती शिकले. आता इन्स्टिट्यूट बंद होती. गुरुवारी सकाळी तिनं भीतभीत फोन लावला.

"सर, कॉम्प्युटर दुरुस्त करायचाय. पण… तुम्ही त्याच्याकडं बघायचं नाही."

पलीकडून सर म्हणाले, "शाळेचे पेपर?"

"व्हय सर."

"येतो."

सर आले, पाणी प्यायले, खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि स्क्रीनकडं पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसले. "आधी इंटरनेटची वायर काढ. पेन ड्राइव्ह लांब ठेव. आता मी सांगेन ते करायचं आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. डिक्टेशन समज."

शिफ्टची कळ दाबून धरून तिनं रीस्टार्ट केलं. सर एकेक पायरी सांगत गेले. स्क्रीन काळी झाली, कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरं आली.

"यात फक्त गरजेपुरतं चालू होतं, बिनबोलावलेले पाहुणे सहसा येत नाहीत. आता कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी काढ. वाच."

ती वाचत गेली. प्रिंटरचं, आवाजाचं, अँटिव्हायरसचं. "अन् एक हाय, विंडोज हेल्पर."

"बनवणाऱ्याचं नाव?"

"कोरं हाय सर."

"थांब. तोच. पुसायची घाई करू नको. आधी तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते बघ."

तेवढ्यात बाहेर आरडाओरड झाली. नळाला पाणी आलं होतं, तब्बल आठ दिवसांनी. पाणी तासाभरात जाणार. आणि इथून उठावं तर खोलीत सर एकटेच, समोर पेपर. सरांवर अविश्वास नव्हता, तरी ती खुर्चीतून उठेना.

सर भिंतीकडं बघतच उभे राहिले. "नळी कुठाय? टाकी मी भरतो. तू इथनं हलू नको."

सहासष्ट वर्षांचे सर नळी ओढत जिन्यावरून गच्चीवर गेले. मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते परत आले तेव्हा पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला होता. पुन्हा खुर्ची, पुन्हा कॅलेंडर.

तो प्रोग्रॅम फोल्डरसकट उडवला. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला. जाहिरात नाही, लाल खिडकी नाही. मंजुषानं सुस्कारा टाकला, पण सर म्हणाले, "इतक्यात नाही. ठरावीक वेळेला आपोआप होणाऱ्या कामांचीही एक यादी असते." त्या यादीत एक काम निघालं, दर अर्ध्या तासानं तोच प्रोग्रॅम पुन्हा उभा करणारं. तेही काढलं. मग अँटिव्हायरस उघडला आणि उघडाच राहिला. तपासणीला दोन तास लागले. तिनं केलेली पिठलं-भाकरी सरांनी भिंतीकडं तोंड करूनच खाल्ली.

"सोमवारी पहिलं काय लावलं होतंस?"

"पेन ड्राइव्ह. शनिवारी शाळेतून आणलेला."

"आणि साफ केल्यावर दरवेळी?"

मंजुषा थबकली. "तोच. पेपर हायेत का बघायला."

"म्हणजे दरवेळी तूच दार उघडत होतीस."

सरांनी तो पुन्हा लावायला सांगितला, पण एकही फोल्डर न दाबता. पेन ड्राइव्हवरचे बाणवाले फोल्डर हे फोल्डर नव्हतेच, दाबले की आधी व्हायरस चालू करणारे नुसते मुखवटे होते. खरे फोल्डर मागं लपवलेले. कॉम्प्युटरला थेट हुकूम टाइप करायची काळी खिडकी तिनं उघडली, सरांनी एकेक अक्षर सांगितलं, ए, टी, टी, आर, आय, बी, मग स्पेस, मग वजाचं चिन्ह, आणि लपलेले पेपर एकामागून एक वर आले. मुखवटे पुसले. पाचवी ते नववी, सगळं जागच्या जागी.

"सर, कुणी पेपर नेले तर नसतील?"

सर कॅलेंडरकडं बघतच म्हणाले, "चोर घरात शिरला होता, एवढं खरं. काय घेऊन गेला, ते मला सांगता येणार नाही. खोटा धीर देत नाही."

शुक्रवारी सकाळी मंजुषा शाळेत गेली. भानुमती मॅडमसमोर पेन ड्राइव्ह ठेवून तिनं सगळं सांगितलं, अगदी तनुजावर ओरडल्याचंही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

एवढंच म्हणाल्या. मंजुषाला वाटलं, याच्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं होतं.

मॅडमनी ऑफिसातला क्लार्क विश्वजीत याला बोलावलं आणि शाळेचा कॉम्प्युटर उघडायला लावला. प्रत्येक फोल्डरवर तोच वाकडा बाण.

"हे?" विश्वजीत म्हणाला. "हे तर दिवाळीपासून आहे मॅडम. दाबलं की उघडतंय, म्हणून राहू दिलं."

मंजुषाच्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस टांगणीला लागलेला जीव, पोरीचं उपाशी झोपणं, सरांचा भिजलेला पायजमा, आणि हा म्हणतो राहू दिलं! पण तिनं तरी सोमवारी दुसरं काय केलं होतं?

मॅडमनी निर्णय घेतला. सगळे पेपर बदलायचे. शिक्षकांनी दोन दिवसांत नवे पेपर हातानं लिहून दिले. मंजुषानं ते शाळेतच, मॅडमच्या खोलीत, त्यांच्या लॅपटॉपवर टाइप केले. सकाळी नऊ ते पाच, चार दिवस. मॅडम समोर बसून असायच्या. फारसं बोलणं नसायचं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दोन कप चहा मागवला आणि एक तिच्याकडं सरकवला. पुढच्या वर्षीही काम तिलाच द्यायचं की नाही, त्याबद्दल दोघींनीही विषय काढला नाही.

परीक्षा ठरलेल्या दिवशी झाली. जुने पेपर कुठं बाहेर आल्याचं कानावर आलं नाही. तरी निकालापर्यंत गल्लीत दोन बाया बोलताना दिसल्या, की मंजुषाची पावलं मंद व्हायची.

निकालाच्या दिवशी तनुजा पडलेल्या चेहऱ्यानं घरी आली. विज्ञानात शंभरपैकी चोपन्न. एरवी मंजुषानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिनं गुणपत्रिका दोनदा वाचली, छातीशी धरली आणि भरल्या डोळ्यांनी हसली.

तनुजा आईकडं बघत राहिली. "आई, चोपन्न मिळालेत. तुला आनंद कसला झालाय?"

मंजुषानं तिला जवळ बसवलं. "एवढ्या मार्कांवर तुला पेपर आधी माहीत होता, असं कुणी म्हणणार न्हाई," म्हणाली, आणि त्या सोमवारपासूनचं सगळं पहिल्यांदा सांगितलं.